आधी गळती, मग मीटर

विरार पश्चिमेला बोळींज येथे म्हाडाच्या कोकण मंडळाने हजारो घरांची वसाहत उभी केली. इमारती तयार झाल्या, सोडती निघाल्या, तरी यातली कित्येक घरे वर्षानुवर्षे रिकामी राहिली. कारणे अनेक होती. त्यातले एक मोठे कारण पाणी. ज्या शहरात टँकरची वाट पाहणे हा दिनक्रम आहे, तिथे पाण्याची खात्री नसलेले घर कर्ज काढून घ्यायला माणूस कचरतो. पुढे एमएमआरडीएची सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजना आली. दररोज ४०३ दशलक्ष लिटरच्या या योजनेत वसई-विरारचा वाटा १८५ दशलक्ष लिटर आणि मीरा-भाईंदरचा २१८ दशलक्ष लिटर. २०२३ च्या अखेरीस आपल्या वाट्याचे पाणी शहरात येऊ लागले.

‘पाणी येते का?’ या प्रश्नाचे उत्तर अर्धेमुर्धे का होईना मिळाले, की पुढचा प्रश्न दारात उभा राहतो: ‘बिल किती?’ या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आज बोलायला हवे, कारण बिल हातात पडल्यावर बोलून फारसा उपयोग नसतो.

मीटरची दिशा ठरलेली आहे. केंद्र सरकारने २००८ साली शहरी पाणीपुरवठ्यासाठी जे मापदंड ठरवले, त्यात दरडोई १३५ लिटर पाणी, चोवीस तास पुरवठा आणि शंभर टक्के मीटर ही उद्दिष्टे आहेत. हिशेबात न येणारे पाणी वीस टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असेही त्यात म्हटले आहे. २०२१ मध्ये सुरू झालेली ‘अमृत २.०’ योजना याच वाटेने जाते. राज्यात धरणातल्या पाण्याचे घाऊक दर जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवते आणि शहरे ते मापूनच घेतात. म्हणजे शहराला मीटर केव्हाच लागला आहे. जिथे आज ठोक पाणीपट्टी भरून भागते, त्या इमारतीच्या दाराशीही तो येणार.

आमचा मीटरला विरोध नाही. मापल्याशिवाय न्याय होत नाही, हे बाजारात तराजू वापरणाऱ्या कुठल्याही माणसाला कळते. आमचे म्हणणे क्रमाबद्दल आहे. आधी गळती शोधा, ती दुरुस्त करा, मग मीटर लावा, आणि त्यानंतर पैसे मागा. हा क्रम उलटा झाला तर सार्वजनिक वसाहतीतले सर्वांत गरीब कुटुंब वाहून गेलेल्या पाण्याचे पैसे भरत बसेल.

मीटर काय मोजतो

मीटर वापर मोजत नाही. तो आपल्यातून गेलेले पाणी मोजतो. ते पाणी कुणाच्या हंड्यात गेले, कुणाच्या फ्लशमधून गटारात गेले की जमिनीखालच्या टाकीच्या तड्यातून मातीत मुरले, हे त्याला ठाऊक नसते. शिवाय जिथे पाणी ठरावीक वेळीच सोडतात, तिथे रिकाम्या पाइपातली हवा पाण्यापुढे ढकलली जाते आणि तीही कधी कधी मीटरचा काटा फिरवते.

एक साधा हिशेब करू. गळत्या नळाखाली एक लिटरची बाटली धरा. ती दहा मिनिटांत भरत असेल, तर दिवसाला १४४ लिटर पाणी जाते. सरकारी मापदंडाप्रमाणे एका माणसाचा दिवसाचा वाटा १३५ लिटर आहे. म्हणजे त्या घरात एक अदृश्य माणूस राहतो, जो कुटुंबातल्या कुणाहीपेक्षा जास्त पाणी वापरतो. महिन्याला हे पाणी ४,३२० लिटर होते. इमारतीत अशी दहा ठिकाणे असतील तर ४३,२०० लिटर. दहा हजार लिटरचे चार टँकर आणि वर आणखी तीन हजार लिटर.

यात आपल्या शहराची एक खास गोष्ट आहे. नळाला पाणी ठरावीक वेळ येते, पण गच्चीवरच्या टाकीतून खाली उतरणाऱ्या पाइपात ते दिवसरात्र उभे असते. पाणी सोडणारा कर्मचारी व्हॉल्व्ह बंद करून निघून जातो. फ्लशची गळती मात्र चालूच राहते. ‘पाणी येतेच किती, त्यात वाया काय जाणार?’ हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

गळतीचे नुकसान बिलापुरते थांबत नाही. भिंतीत मुरलेले पाणी काँक्रीटमधल्या लोखंडाला गंज चढवते, लोखंड फुगते, प्लास्टर सुटते आणि इमारतीचे आयुष्य कमी होते. जमिनीखाली तर याहून वाईट घडते. पाइपातला दाब गेला की ज्या छिद्रातून पाणी बाहेर जात होते, त्याच छिद्रातून बाजूच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ पसरली, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. गळका पाइप पाणी घालवतो आणि आजार आणतो.

पैसे कोण भरणार

खाजगी सोसायटी असो वा म्हाडाची इमारत, बहुतेक ठिकाणी गेटवर एकच जोडणी असते आणि बिल सगळ्या इमारतीचे मिळून येते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पाण्याचा खर्च प्रत्येक सदनिकेतल्या नळजोडांची संख्या आणि आकार पाहून वाटायचा असतो. प्रत्यक्षात अनेक इमारतींत तो मेंटेनन्समध्ये मिसळून सरसकट सारखा वाटला जातो. दोन्ही पद्धतींत एक गोष्ट समान आहे: गळती कुणाच्या घरात आहे, याचा बिलाशी संबंध राहत नाही. चौथ्या मजल्यावरचा फ्लश रात्रभर वाहतो आणि त्याचे पैसे तळमजल्यावरची विधवा भरते.

जबाबदारी कुणाची, याबाबत नियम बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. त्याच उपविधींनुसार सामाईक पाइप, टाक्या, पंप आणि बाहेरून होणारी गळती यांची दुरुस्ती संस्थेने करायची. घरातल्या सिंक-शौचालयाची गळती सभासदाने स्वतःच्या खर्चाने थांबवायची. घर नवे असेल तर आणखी एक दार उघडते. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात किंवा कामाच्या दर्जात दोष आढळून तो कळवला, तर विकासकाने तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. या कायद्यातल्या ‘प्रवर्तक’ या व्याख्येत सरकारी विकास प्राधिकरणेही येतात. वर्षानुवर्षे रिकाम्या राहिलेल्या इमारतीत वॉशर सुकतात, सांधे ढिले होतात, टाकीला तडे जातात. अशा घराचा ताबा आज मिळाला असेल, तर पाच वर्षांची मुदतही ताब्यापासून मोजायची, हे विसरू नका. तोंडी तक्रार विरून जाते. तारीख, फोटो आणि पोचपावती असलेला अर्ज मात्र टिकतो.

हा प्रश्न आपल्या वाचकांना अधिक जवळचा का, तेही सांगितले पाहिजे. मुंबई आणि तिच्या उपनगरांत मुस्लिम नाव सांगितल्यावर ‘घर आत्ताच गेले’ हे उत्तर ऐकलेले तरुण कमी नाहीत. सोडतीचा आकडा मात्र आडनाव विचारत नाही. सार्वजनिक गृहनिर्माणात वेगवेगळ्या जातीधर्मांची अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटातली माणसे एका जिन्याने वर चढतात. अशी ठिकाणे आता फार उरलेली नाहीत. तिथे राहणे पाण्याच्या बिलामुळे जड झाले, किंवा बिलाच्या वाटणीवरून शेजाऱ्यांत तेढ निर्माण झाली, तर नुकसान केवळ पैशांचे होणार नाही.

हक्क फक्त आपलाच नाही

हे पाणी येते कुठून? सूर्या नदीवरचे धामणी धरण विक्रमगड तालुक्यात आहे. हा प्रकल्प मुळात डहाणू, पालघर, विक्रमगड या भागातल्या शेतीच्या सिंचनासाठी आखला गेला. पुढे शहरांची तहान वाढली आणि पाण्याचे आरक्षण शहरांकडे सरकत गेले. त्याविरुद्ध तिथल्या शेतकऱ्यांनी आणि आदिवासींनी वेळोवेळी आवाज उठवला आहे. ज्या माणसाच्या शेतापर्यंत कालवा पोहोचला नाही, त्याच्या वाट्याचे पाणी आपल्याकडे येऊन फ्लशमधून गळत असेल, तर त्याच्यासमोर आपण कोणत्या तोंडाने उभे राहणार?

पुन्हा आकडाच पाहू. वसई-विरारच्या वाट्याच्या १८५ दशलक्ष लिटरमधले वीस टक्के पाणी हिशेबाबाहेर गेले, तर तो प्रकार सरकारी मापदंडाच्या मर्यादेत बसतो. वीस टक्के म्हणजे ३७ दशलक्ष लिटर. दरडोई १३५ लिटरप्रमाणे हे दोन लाख सत्तर हजारांहून अधिक माणसांचे रोजचे पाणी झाले. या हिशेबाबाहेरच्या पाण्यात गळतीबरोबर चोरी आणि न मोजलेला वापरही येतो. पण नवे धरण बांधण्यापेक्षा जुना पाइप जोडणे स्वस्त पडते, हे सांगायला अभियंता लागत नाही.

इस्लामने पाण्याच्या उधळपट्टीला इसराफ म्हटले, आणि तेही वुजूसारख्या इबादतीच्या बाबतीत. वाहत्या नदीकाठी बसूनही वुजूला जास्त पाणी वापरू नये, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण हदीसमध्ये आहे, ते स्वतः एक मुद्द, म्हणजे साधारण पाऊण लिटरपेक्षाही कमी पाण्यात वुजू करीत. नदीकाठी जे चालत नाही, ते टँकरच्या शहरात कसे चालेल? शेजाऱ्याचे पाणी आपल्या निष्काळजीपणाने वाया जात असेल, तर ती बाब हुकूकुल इबादची, माणसांच्या हक्कांची होते. ती केवळ तौबा करून सुटत नाही, नुकसान भरून द्यावे लागते.

आपल्या महाराष्ट्रातला एक धडाही लक्षात ठेवावा. सतराव्या शतकात मलिक अंबरने आजच्या छत्रपती संभाजीनगरात जमिनीखालून नहरी खेळवल्या. पंपाशिवाय, केवळ उताराच्या जोरावर, त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शहराला पाणी दिले. त्यातल्या बहुतेक आज निकामी आहेत. त्यांची देखभाल कुणी केली नाही आणि त्यांच्यावर अतिक्रमणे झाली. बांधणाऱ्याचे नाव इतिहासात राहते, पण पाणी टिकते ते दुरुस्ती करणाऱ्यामुळे.

इतरांनी काय भोगले, काय शिकले

दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोची गोष्ट आपल्याशी फार मिळतीजुळती आहे. तिथल्या घरांना महिन्याला वीस हजार लिटर वापर गृहीत धरून ठोक बिल येत असे. वर्णभेदाच्या काळातले पाइप कुजले होते आणि पाण्याचा मोठा भाग जमिनीत जिरत होता. २००३ नंतर जोहान्सबर्ग शहराने पाइप दुरुस्त करायला घेतले. पण त्याच मोहिमेत घरोघरी प्रीपेड मीटर बसवले. महिन्याला जोडणीमागे सहा हजार लिटर मोफत, ते संपले की पैसे भरेपर्यंत नळ बंद. फिरी वस्तीतल्या लिंडिवे माझिबुको यांच्या आवारात वीस माणसे राहत होती. सहा हजार लिटरचे वीस माणसांत तीस दिवस वाटप करा: माणशी दिवसाला दहा लिटर. त्या आणि त्यांचे शेजारी न्यायालयात गेले. २००९ मध्ये घटनात्मक न्यायालयाने निकाल शहराच्या बाजूने दिला. दुरुस्ती योग्य होती. मोजण्याचे एकक चुकले होते. जोडणी मोजली गेली, माणसे मोजली गेली नाहीत. एका छपराखाली दोन-तीन भावांची कुटुंबे राहतात, ती आपल्याकडची घरे डोळ्यांसमोर आणा.

आयर्लंडमध्ये २०१४ साली घरगुती पाण्यावर मीटरने आकार लावायला सुरुवात झाली आणि लोक प्रचंड संख्येने रस्त्यावर उतरले. २०१६ मध्ये आकारणी थांबवावी लागली, भरलेले पैसे नंतर परत करावे लागले. घराच्या आवारातली पहिली गळती विनामूल्य दुरुस्त करून देण्याची योजना मात्र चालू राहिली. बिलावर भांडण झाले, दुरुस्तीवर झाले नाही.

आणि फार लांब कशाला, कराडजवळचे मलकापूर आहे. या छोट्या गावाने घरोघरी मीटर लावले, वापरानुसार चढते दर ठेवले आणि त्या बदल्यात लोकांना चोवीस तास पाणी दिले. मीटरबरोबर सेवा आली म्हणून लोकांनी मीटर स्वीकारला. सेवा आहे तशीच आणि मीटर तेवढा नवा, असे झाले तर लोकांना तो दंडच वाटणार.

आमच्या मागण्या

महापालिका, म्हाडा आणि सोसायट्या या तिघांपुढे आम्ही हे ठेवतो.

पहिली मागणी: मापून आकारणी सुरू करण्याआधी प्रत्येक सार्वजनिक वसाहतीची संयुक्त गळती पाहणी व्हावी. तिचा अहवाल इमारतीच्या फलकावर मराठीत लावावा.

दुसरी: सामाईक पाइप आणि टाक्यांचे जे दोष बांधकामाचे आहेत, ते बांधणाऱ्या यंत्रणेने आपल्या खर्चाने दूर करावेत. घरातली दुरुस्ती ज्यांना झेपत नाही, त्या अत्यल्प उत्पन्न गटातल्या कुटुंबांसाठी हप्त्यांची सोय असावी.

तिसरी: किमान तीन महिने नमुना बिल द्यावे. त्यावर आकडा दिसेल, पैसे घेतले जाणार नाहीत. कुठल्या इमारतीचा वापर संशयास्पद आहे, हे त्यातून दोन्ही बाजूंना कळेल.

चौथी: चढते दर ठरवताना घरातल्या माणसांची संख्या धरावी. सहा जणांच्या घराला दोघांच्या घराइतकीच मर्यादा लावणे अन्याय आहे.

पाचवी: छुप्या गळतीमुळे अचानक वाढलेले बिल दुरुस्तीचा पुरावा दिल्यावर एकदा तरी कमी करून मिळावे, आणि वाद मिटेपर्यंत जोडणी तोडू नये. प्रीपेड मीटरचा विचार आपल्या शहरात होऊ नये.

जून २०२० मध्ये लोकनियुक्त मंडळाची मुदत संपल्यावर या महापालिकेचा कारभार वर्षानुवर्षे प्रशासकाच्या हाती राहिला. विचारायला नगरसेवक नव्हता. म्हणून लेखी विचारण्याची सवय आपल्याला लावून घ्यावी लागेल. माहितीच्या अधिकारात एवढेच विचारा: आपल्या प्रभागात किती पाणी सोडले, त्यातल्या किती पाण्याचे बिल आकारले आणि फरक कुठे गेला?

आपल्या हातातले काम

अर्ज करून थांबायचे नाही. गळती शोधायला यंत्र लागत नाही. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर टाकी गळते. रात्री बारा वाजता जमिनीखालच्या टाकीत येणारा व्हॉल्व्ह आणि पंप बंद करून पाण्याच्या पातळीवर खूण करा. पहाटे पातळी उतरलेली असेल तर टाकीला तडा आहे. गच्चीवरच्या टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पाइपाखाली ओल दिसली तर बॉलकॉक तपासा. डक्टमध्ये शेवाळ धरलेला पाइप दिसला तर फोटो काढून ठेवा. यातल्या बऱ्याच दुरुस्त्या एका वॉशरवर किंवा सांध्याला गुंडाळायच्या टेपवर भागतात. बाकीच्यांसाठी प्लंबर लागतो, आणि आयटीआय झालेला प्लंबर आपल्या वस्तीत असतोच.

सुरुवात मशिदीच्या वुजूखान्यापासून करा. तिथले सगळे नळ आधी कोरडे झाले पाहिजेत. त्यानंतर दुसऱ्याच्या दारावर जाण्याचा आपल्याला अधिकार. मग आपली इमारत घ्या, आणि पूर्ण घ्या: फक्त ओळखीची चार घरे नकोत, प्रत्येक मजला, प्रत्येक दार. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘हरित वसई’ चळवळीने दाखवून दिले, की इथल्या झाडापाण्याचा प्रश्न एका समाजाचा नसतो. बोळींजच्या इमारतीत वरच्या मजल्यावरची वहिनी, शेजारचे काका आणि सेक्रेटरी यांना सोबत घेतल्याशिवाय ही मोहीम होणार नाही. महिलांना पथकात अर्धी जागा द्या. कुठल्या नळाला किती वाजता किती धार असते, हे घरात त्यांनाच सर्वांत नेमके माहीत असते.

एका कागदावर चार रकाने आखा: घर क्रमांक, गळतीची जागा, बाटली भरायला लागलेली मिनिटे, दुरुस्तीची तारीख. पहिले तीन रकाने एका रविवारी भरतात. चौथा भरायला महिना लागेल, कदाचित दोन. तो भरलेला कागद घेऊन जेव्हा रहिवासी महापालिकेच्या किंवा म्हाडाच्या कार्यालयात जातील आणि ‘आमच्या बाजूची गळती आम्ही बंद केली, आता तुमच्या बाजूची दाखवा’ असे म्हणतील, तेव्हा त्यांना उत्तर देणे टाळता येणार नाही.